जुळाऱ्याने रुंद पडदा का घेतला

"आयुष्यभर खिळे वेचून त्यांची नजर गेली होती, पण ते कबूल करण्याइतका मोठेपणा त्यांच्याजवळ नव्हता. जऊळक्याच्या मामांचे नाव लग्नपत्रिकेतून गळाले ते याच कारणाने. पुढे ही उणीव झाकण्यासाठी त्यांनी महिनाभर वाशीमची दुकाने पालथी घातली आणि अखेर एक रुंद मॉनिटर आणला. तो घेताना ते एक डोळा मिटून, वाकडे बसून, पडद्यावरचे चित्र उलटे करवून पाहत होते, असे प्रत्यक्ष पाहणारे सांगतात. असो, माणूस कलंदर होता."

हा उतारा आमच्या वाशीमकडच्या मालेगावातील छपाईवाल्यांनी गेल्या महिन्यात काढलेल्या स्मरणिकेतला आहे. लेखक म्हणजे त्या माणसाच्या दुकानासमोरचे, रस्त्यापलीकडचे फ्लेक्सवाले. वाढदिवसाच्या एका फलकावर चाळीस शुभेच्छुकांचे गोल फोटो बसवण्यात त्यांचा हात धरणारा तालुक्यात कोणी नाही, हे मी मोकळ्या मनाने मान्य करतो. परंतु गेलेल्या माणसाविषयी लिहिणे हे फोटो कापून चिकटवण्याइतके सोपे काम नव्हे. वरच्या पाच वाक्यांपैकी शेवटचे खरे आहे. चौथेही खरे आहे, मात्र त्याचा अर्थ लेखकाला कळलेला नाही. पहिल्या तीन वाक्यांचा समाचार घेण्यासाठी हा लेख आहे.

ज्यांच्याविषयी हे लिहिले गेले त्यांना सारे गाव जुळारी म्हणत असे. पूर्वीच्या छापखान्यात शिशाचे खिळे, म्हणजे सुटी अक्षरे, एकेक वेचून ओळी जुळवणारा, तो जुळारी. त्यांचे पायाने चालवायचे यंत्र भंगारात गेले, खिळे वितळले, दुकानात संगणक आला. पण नाव तेच राहिले आणि शर्टाच्या खिशातला खिळे उचलण्याचा चिमटाही राहिला. त्या चिमट्याने ते चहावरची साय काढीत. संध्याकाळी दुकान बंद करताना ते राकेलच्या बोळ्याने बोटे पुसत. बोटांना शाई लागून दोन दशके लोटली होती. मी एकदा तसे बोलून दाखवले, तेव्हा त्यांनी बोळा माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, "हुंगा. याच्याबिगर घरी गेलो तं कुत्रं ओयखत नाई."

मी त्यांची बाजू घेतो आहे, यावरून ते गोड स्वभावाचे होते असा समज कोणी करून घेऊ नये. ते असह्य होते. पत्रिकेवर बाण लागलेले हृदय हवे म्हणणाऱ्या नवरदेवाला त्यांनी भर दुकानात विचारले होते, "लगन हाये का दवाखान्याचा कागद?" गुलाबी कागदावर सोनेरी अक्षरे मागणाऱ्या एका बाईंना, "वाचाची हाये का चाटाची?" असे विचारून त्यांनी थेट फ्लेक्सवाल्यांकडे पाठवले. फ्लेक्सवाल्यांची भरभराट बऱ्याच अंशी या एका माणसाच्या जिभेमुळे झाली. कृतज्ञता म्हणून तरी त्यांनी जरा जपून लिहायला हवे होते.

आता नजरेविषयी. खिळ्यांची ओळ जुळाऱ्याच्या हातात उलटी असते आणि ती तशीच वाचावी लागते. हा सराव त्यांच्या अंगात इतका मुरला होता, की बसस्थानकासमोरच्या हॉटेलात बसले असता ते समोरच्या माणसाने टेबलावर पसरलेले वर्तमानपत्र उलट्या बाजूने वाचून मोकळे होत. वाचणारा पहिल्या रकान्यात असताना हे म्हणत, "सोयाबीनचा भाव खाली हाये, कोपऱ्यात. वाचू नका, चहा कडू लागन." लोक चिडत. एका ग्रामसेवकाने तर चिडून जागा बदलली. पण मधले टेबल ओलांडून, उलटा दिसणारा बारीक भाव अचूक वाचणाऱ्या माणसाची नजर गेली होती, असे ज्याला लिहिता येते त्याने आपलीच तपासून घ्यावी. हा प्रकार त्यांच्या मृत्यूपूर्वीच्या उन्हाळ्यापर्यंत चालू होता आणि तो निम्म्या मालेगावाने पाहिला आहे.

त्याच हॉटेलात आणखी एक कथा ऐकू येते, ती अशी की रुंद पडदा त्यांनी क्रिकेट पाहण्यासाठी घेतला. क्रिकेटमधले त्यांना एकच कळे: धावफलकावरच्या अक्षरांचे अंतर. तेही त्यांच्या मते चुकलेले असे. या कथेला याहून अधिक उत्तर देण्याची गरज मला वाटत नाही.

पत्रिका कशी तयार होई, हे आता सांगितले पाहिजे. कारण फ्लेक्सवाल्यांच्या धंद्यात हा प्रकारच नसल्यामुळे त्यांना तो ठाऊक असण्याचे कारण नाही. घरातली वडील माणसे नावांची यादी हाताने लिहून आणत. ती मूळ प्रत. जुळारी ती संगणकावर जुळवत आणि कागदावर एक नमुना काढत. त्याला मुद्रित म्हणतात. मुद्रित वाचणारा ते मूळ प्रतीशी ओळीला ओळ लावून पाही, खाली "वाचले, बरोबर आहे" असे लिही आणि सही करी. त्याशिवाय यंत्राला कागद लागत नसे. सही झालेली मुद्रिते भिंतीवरच्या एका तारेत ओवलेली असत. हे वाचनाचे काम शाळेतून निवृत्त झाल्यावर मी पत्करले. संगणकासमोर जुळाऱ्यांची खुर्ची आणि तिच्या डाव्या हाताला एक लोखंडी स्टूल, ते माझे. बारा वर्षे मी तिथे बसलो. मला ते गुरुजी म्हणत आणि मी त्यांना, अंतर राखून, अहो जुळारी म्हणे.

त्या काळचा त्यांचा मॉनिटर जवळजवळ चौकोनी होता. पत्रिका उघडली की आडवी होते. एका पानावर वधूवर आणि मुहूर्त, दुसऱ्या पानावर नातलगांची नावे. ती सबंध पाहायची तर अक्षरे मुंग्यांएवढी दिसत. अक्षरे मोठी केली, की अर्धी पत्रिका पडद्याबाहेर जाई आणि ती डावीउजवीकडे सरकवत वाचावी लागे. सरकवताना मधली पट्टी डोळ्यांपुढून निसटे. आम्ही वर्षानुवर्षे असेच काम केले आणि कुणाची तक्रार आली नाही.

मग ती पत्रिका आली. आसेगावकडच्या एका शेतकऱ्याच्या मुलीचे लग्न होते. वधूपित्याने ऐन वेळी सांगितले, की वारलेल्या वडिलांचे नाव जरा ठळक करा. जुळाऱ्यांनी ते केले. नावे ज्या चौकटीत बसवली होती ती तेवढीच राहिली, वरची ओळ फुगली आणि सर्वांत खालची ओळ चौकटीखाली गडप झाली. संगणक अशा वेळी चकार शब्द काढत नाही. शिशाची ओळ बसली नाही तर हाताला टोचे, असे जुळारी म्हणत. इथे टोचणारे काही नव्हते. आणि गडप झालेली ओळ होती वधूच्या मामांची. आमच्याकडे नवरीला मांडवात आणतो तो मामा. त्याचे नाव पत्रिकेत वेगळे, शेवटी आणि एकट्याचे छापतात. ते नसले तर तो नुसता रागावत नाही. आपल्याला त्या घरातून काढून टाकले, असे तो समजतो. पत्रिका छापल्या गेल्या आणि गावोगाव वाटल्याही गेल्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी मामा जऊळक्याहून दुकानात आले. उंच, सावकाश बोलणारा माणूस. त्यांनी पत्रिका टेबलावर उघडी ठेवली, हाताने सपाट केली आणि म्हणाले, "जुळारीभाऊ, एक सांगा मले. मी मेलो का?"

जुळाऱ्यांनी पत्रिकेकडे पाहिले. वाचायला त्यांना एक क्षण पुरला.

"नाई, मेलो असन तं तसं सांगा," मामा पुढे म्हणाले. "घरी बायको सैपाक करून राह्यली. तिले कळवा लागन."

आवाज चढला नव्हता, तरी रस्त्यापलीकडून फ्लेक्सवाले येऊन दारात उभे राहिले. दुसऱ्याच्या दुकानातला तंटा त्यांना फार दुरून ऐकू येतो. मामांनी पत्रिकेची घडी घातली. भाचीला मांडवात कोण आणणार तेही आता तुम्हीच छापून टाका, मी काही येत नाही, असे म्हणून ते पायरी उतरू लागले.

"चूक माही हाये," जुळारी म्हणाले. "पोरीच्या बापाची नाई. माही."

फ्लेक्सवाल्यांनी ऐकले ते एवढेच वाक्य. त्यांच्या साऱ्या लेखाचा पाया हे एक वाक्य आहे. एक माणूस भर दुकानात चूक पत्करतो, ती त्याचीच असली पाहिजे, याहून खोल विचार त्यांनी केलेला नाही.

त्या दिवशी जुळाऱ्यांनी सगळ्या पत्रिका नव्याने छापल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वधूपित्याच्या मोटारसायकलवर मागे बसून ते स्वतः जऊळक्याला गेले. मोटारसायकलची त्यांना विलक्षण भीती होती. ते डोळे मिटून बसत. मामांच्या दारात उभे राहून त्यांनी हळदकुंकू लावलेली पत्रिका दोन्ही हातांनी पुढे केली. मामांनी ती उभ्याउभ्या वाचली, बोट खाली खाली नेत शेवटच्या ओळीवर थांबवले, मग बायकोला बाहेर बोलावून तिला वाचायला लावली. एवढे झाल्यावर म्हणाले, "आता आलेच हा तं जेवून जा." लग्नात नवरीला मांडवात त्यांनीच आणले. ही हकीकत मला वधूपित्याने सांगितली. मी जऊळक्याला गेलो नव्हतो. मला कुणी बोलावलेही नव्हते.

पुढच्या आठवड्यापासून मॉनिटरचा शोध सुरू झाला. वाशीमच्या तिन्ही फेऱ्यांत मी त्यांच्याबरोबर होतो. फ्लेक्सवाले एकाही फेरीत नव्हते, तरी "प्रत्यक्ष पाहणारे सांगतात" असे ते लिहितात. तो पाहणारा म्हणजे पहिल्या दुकानातला विक्रेता, ज्याला स्वतःच्या दुकानात काय मांडले आहे हेही धड सांगता येत नव्हते.

"काका, गेमिंगसाठी पाहिजे का?" त्याने विचारले.

"लग्नासाठी," जुळारी म्हणाले.

"कोणाच्या?"

"तालुक्यातल्या सगळ्याइच्या."

जुळाऱ्यांच्या पिशवीत चार वस्तू होत्या: मामांची पत्रिका, पोलादी फूटपट्टी, एका पेनड्राइव्हमध्ये तीच पत्रिका आणि आमच्या जुन्या संगणकाची वायर, कारण नव्या मॉनिटरला ती बसते की नाही हे घरी आल्यावर कळून उपयोग नसतो. विक्रेत्याने आधी एक वाकवलेला पडदा दाखवला. मागे निळेजांभळे दिवे लागत होते. जुळारी त्यापुढे क्षणभर बसले आणि उठले. विहिरीत वाकून पाहिल्यासारखे वाटते, एवढेच ते म्हणाले. मग विक्रेत्याने सत्तावीस इंची काढला, त्याच भावात एवढा मोठा कुठे मिळायचा नाही म्हणाला. पत्रिका उघडली. जुळाऱ्यांनी फूटपट्टी लावली, हातातली पत्रिका काचेला भिडवून पाहिली आणि मान हलवली. चोवीस इंचात जेवढे ठिपके, तेवढेच यात ताणून बसवले आहेत, हे त्यांनी कुठलेही पत्रक न वाचता ओळखले. "बियाणं तेवढंच अन् वावर मोठं," ते मला म्हणाले. "पीक पातयच येनार. वेलांटीच्या कडा पाहा, करवतीवानी दिसून राह्यल्या."

विक्रेत्याला वावराचा दृष्टांत कळला नाही. त्याने सवलत सांगितली.

मग त्यांनी पडद्यावरचे चित्र उलटे करायला लावले. खिळ्यांच्या पानावर अंतराची चूक उलट्या बाजूनेच दिसते, ही त्यांची पक्की समजूत होती आणि मी तिच्यावर अनेकदा हसलो आहे. दुकानातले सगळे जमा झाले. त्यांच्यादेखत जुळाऱ्यांनी चार पावलांवरून उलटी पत्रिका शेवटपर्यंत वाचून दाखवली, छापणाऱ्याच्या बारीक ओळीसकट. प्रत्यक्ष पाहणाऱ्याने हे पाहिले होते. लेखकाला त्याने सांगितले, ते "पडदा उलटा करवला" एवढेच.

त्यानंतरची तपासणी सर्वांत हास्यास्पद ठरली. पडदा पूर्ण काळा करून त्यात स्वतःचा चेहरा दिसतो का ते त्यांनी पाहिले. दिसला की तो मॉनिटर बाद. आमच्या दुकानाचे दार रस्त्याकडे होते आणि चकाकत्या काचेत मजकुराऐवजी रस्त्यावरच्या गाड्या वाचाव्या लागल्या असत्या. मग एक स्टूल मागवून ते मॉनिटरच्या डाव्या अंगाला, चांगले हातभर बाजूला सरकून बसले आणि उजवा डोळा तळहाताने झाकून पाहू लागले. स्वस्त मॉनिटरची अक्षरे तिथून ताकातल्या पाण्यासारखी फिकट झाली. काळे करडे झाले, लाल तर ओळखू येईना.

"काका, स्क्रीन समोरून पाहतात," विक्रेता म्हणाला. मागे कोणी तरी हसले.

"समोर मी बसतो," जुळारी म्हणाले. "माहं काय, मी उलटंही वाचतो. वाचणारा कुठी बसते ते पहिले पाहा लागते."

हे त्यांचे जुनेच वाक्य होते. बसस्थानकावर लावायचा कागद असो की देवळातला, टाइप निवडण्याआधी ते हाच प्रश्न विचारत. मी त्या वेळी त्यांच्या मागे उभा होतो आणि दुकानाबाहेरची रहदारी पाहत होतो.

तिसऱ्या फेरीत, तिसऱ्या दुकानात मॉनिटर मिळाला. चोवीस इंची, रुंद, काच चकाकती नसलेली. दिवे नव्हते, वाक नव्हता, किंमत बेताची होती. जुनी वायर बसली. उघडलेली पत्रिका दोन्ही पानांसकट त्यावर मावली, अक्षरे हातातल्या कागदाएवढी दिसली, आणि बाजूच्या स्टुलावरून, एका डोळ्याने पाहिले तरी काळे ते काळेच राहिले. जुळाऱ्यांनी किमतीची घासाघीस केली नाही, हे एरवी कधीही न घडणारे. परतीच्या एसटीत त्यांनी खोके मांडीवर घेतले. टीव्ही घेतला का बाबा, असे कंडक्टरने विचारले. "नाई," ते म्हणाले, "चश्मा हाये." कोणाचा, ते त्याने विचारले नाही.

दुकानात आल्यावर त्यांनी मॉनिटर कागदाच्या दोन गठ्ठ्यांवर उभा केला आणि डावीकडे वळवला. त्यामुळे तो खुर्चीला तिरपा आणि स्टुलाला समोर झाला. त्यानंतर शेवटपर्यंत जुळारी मान वळवून काम करत राहिले. मान दुखली की चिमट्याने खांदा टोचत.

फ्लेक्सवाल्यांचे पुरावे तीन आहेत: रुंद पडदा, झाकलेला डोळा आणि मामांची पत्रिका. रुंद पडद्याचे उत्तर दोन पानांत आहे, ते दिले. झाकलेल्या डोळ्याचे उत्तर असे. जुळाऱ्यांचे दोन्ही डोळे शाबूत होते. मोतीबिंदू माझ्या उजव्या डोळ्यात होता. त्या पत्रिकेच्या आधी वर्षभर तो होता. मी घरी सांगितले नव्हते आणि दुकानात तर नाहीच. चाळीस वर्षे मुलांच्या वह्यांतल्या चुका काढणाऱ्याला ते सांगणे जमत नाही. कागदावरचा बारीक मजकूर मला लागत नव्हता. म्हणून मी जुळाऱ्यांना पडद्यावर अक्षरे मोठी करायला लावी आणि कागद नासू नये असे कारण देई. त्या चौकोनी पडद्यावर, डावीकडून, सरकत्या अर्ध्या पत्रिकेत मी वाचत असे आणि सही मात्र कागदावर करत असे. जुळाऱ्यांनी यातले काही मला कधी विचारले नाही. मामांच्या त्या दुपारी नाही, एसटीत नाही, महिन्यानंतर अकोल्याला माझे ऑपरेशन झाल्यावर भेटायला आले तेव्हाही नाही. तेव्हा त्यांनी दवाखान्याच्या पाटीवरच्या अक्षरांना नावे ठेवली आणि गेले.

नवा मॉनिटर लागला त्या संध्याकाळी त्यांनी भिंतीवरची तार उतरवली आणि चिमट्याने एक मुद्रित त्यातून अलगद काढून माझ्या हाती दिले.

"हे तुमच्यापाशी असू द्या, गुरुजी. तार भरली आता."

तार निम्मी रिकामी होती.

तो कागद मी पेटीत ठेवला आणि त्यांच्या हयातीत बाहेर काढला नाही. आज तो या लेखाशेजारी टेबलावर आहे. ज्याला पाहायचा असेल, फ्लेक्सवाल्यांसकट, त्याने घरी यावे. त्यावर जुळवलेल्या नावांत मामांची ओळ नाही. तळाशी "वाचले, बरोबर आहे" असे लिहिलेले आहे. त्याखालची सही माझी आहे.